सर्फबोर्ड आणि फ्लाय रॉड एकाच सहलीत: दिवस कसा लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार-पाच वर्षं सर्फिंग झालंय, लाट ओळखणं आणि पकडणं बऱ्यापैकी जमतं. गेल्या वर्षी गोड्या पाण्यात फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारखं किंवा मासोळीसारखं हलकं कृत्रिम आमिष (फ्लाय) लाईनच्या वजनाने फेकून मासा पकडणं, सुरू केलंत आणि त्याचंही वेड लागलं. आता दोन आठवड्यांसाठी उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर जायचंय, बोर्ड आणि रॉड दोन्ही न्यायचेत, आणि सोबत येणारा मित्र म्हणतोय की ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ होतील. एकाच दिवशी दोन्ही करता येतं का, आणि सामान काय घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

येतं. मी बरीच वर्षं दोन्ही करते आहे आणि आता मला ते दोन वेगळे छंद वाटतही नाहीत. पण मित्राची शंकाही खोटी नाही. सामानाचं सांगेनच, मात्र तुमची अडचण सामानात नाही. दोन्ही खेळ एकाच पाण्यावर चालतात, पण दोघांना ते पाणी वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या अवस्थेत हवं असतं. सकाळी उठून ‘आज काय करावंसं वाटतंय’ असं मनाला विचारणारा माणूस लाटा चांगल्या असताना रॉड जोडत बसतो आणि मासे आलेले असताना बोर्डावर बसून राहतो. तो निर्णय भरती, वारा आणि सूर्य यांच्यावर सोपवला की दोन्ही गोष्टी एका दिवसात बसतात.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगते. किनारा वाळूचा आहे की प्रवाळाचा, उथळ पाण्यापर्यंत चालत जाता येतं की बोट लागते, तुम्ही पोहण्यात किती पक्के आहात, मित्राला मासेमारीत रस आहे की नाही, यावर उत्तर बदलतं. पुढे लिहिते ते माझ्या रीतीबद्दल. तुमच्या किनाऱ्याला ते जसंच्या तसं लागू होईल असं धरून चालू नका.

आधी या दोन गोष्टी एकत्र का जातात ते बघू. नव्या किनाऱ्यावर पोचलात की बोर्ड बाहेर काढू नका आणि रॉडही जोडू नका. जरा उंच जागा शोधा आणि वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बघत राहा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट जिथे कोसळते तिथे खाली सव्वा मीटरच्या आसपास पाणी आहे असं समजायला हरकत नाही. फेसाच्या पांढऱ्या रेघेवरून पाण्याखालचा वाळूचा बांध कुठे आहे ते कळतं. त्या रेघेत जिथे खंड पडतो, पाणी गडद दिसतं, वरचा पृष्ठभाग थोडा थरथरता असतो आणि फेसाचे तुकडे उलटे समुद्राकडे सरकत असतात, तिथून लाटांनी आत आणलेलं पाणी परत चाललेलं असतं. हा रिप करंट. सर्फर त्याच्यावरून कमी कष्टात खोल पाण्याकडे जातो. मासा त्याच्या कडेला दबा धरून असतो, कारण लाटांनी वाळूतून उकरलेले खेकडे, कोळंबी आणि गोंधळलेल्या लहान मासोळ्या त्याच वाटेने वाहत जातात. बांध आणि किनारा यांच्यामध्ये जी लांबट खोलगट पन्हळ असते, तिचंही तसंच.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या किनाऱ्यांवर कॉर्बिना नावाचा मासा उन्हाळ्यात घोटाभर पाण्यात येतो. लाट वाळूवर चढली की तिच्यासोबत तोही वर चढतो, वाळूत पुरलेले मोल क्रॅब नावाचे छोटे खेकडे टिपतो, आणि पाणी ओसरताना पाठ उघडी पडायच्या बेतात असताना वळसा घेऊन परत जातो. बोर्ड काखेत मारून पाण्यात धावत जाणाऱ्या कितीतरी जणांच्या पायांजवळून तो निसटत असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. एकदा तो दिसायला लागला की तुम्ही पाण्यात शिरताना आपोआप हळू होता. प्रवाळाच्या कडेवरही हेच आहे. जायंट ट्रेव्हली हा ताकदवान मासा रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकाच्या, ज्या काठावर लाट कोसळते तिथल्या फेसाखाली शिकार करतो आणि भरतीच्या पाण्याबरोबर उथळ भागात घुसतो. सर्फर ज्या कडेकडे ‘इथे लाट कशी सोलत जाते’ म्हणून बघतो, तिथेच ही शिकार चाललेली असते.

तुमच्याकडे हे अर्धं शिक्षण आधीच आहे. संच किती लाटांचा येतो, दोन संचांमध्ये किती उसंत मिळते, लाट अंगावर आली तर कुशीवर वळून कसं उभं राहायचं, हे नदीवर शिकलेल्या फ्लाय फिशिंगवाल्याला समुद्रात नव्याने शिकावं लागतं. तुम्ही ते अंगात घेऊनच जाणार आहात.

आता दिवसाचं घड्याळ. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत शिकलो ते मतलई वारे हेच. हा वारा येणाऱ्या लाटेच्या तोंडावर लागतो, तिला क्षणभर उभी धरतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. दहा-अकराच्या सुमारास जमीन तापली की खारे वारे सुरू होतात आणि लाटा विस्कटायला लागतात. सर्फरचा उत्साह ओसरायची ही वेळ असते, आणि फ्लायवाल्याची नेमकी इथून सुरू होते. उथळ पाण्यातलं फ्लाय फिशिंग म्हणजे आधी मासा बघायचा आणि मग त्याच्या पुढ्यात फ्लाय टाकायची. सूर्य कलता असेल तर पाण्यावर आकाशच दिसतं, आतलं काही दिसत नाही. पोलराइज्ड चष्म्याने चकाकी कमी होते, पण त्यालाही सूर्य वर आलेला लागतो. साधारण दहा ते तीन हा बघण्याचा काळ. उन्हाची तिरीप पाठीमागून किंवा खांद्यावरून येईल असं चालायचं.

म्हणजे पहाट बोर्डाची आणि दुपार रॉडची, अशी वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे. याला एक मोठा अपवाद आहे. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातल्या बेटांवर वारा दिवसभर एकाच दिशेने चालतो. तिथे वेळेपेक्षा बेटाची बाजू महत्त्वाची. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला तो दिवसभर जमिनीवरूनच येतो, त्यामुळे लाटा दुपारीही चांगल्या असू शकतात.

भरती-ओहोटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमची सहल दोन आठवड्यांची आहे आणि हा योग फार चांगला आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याभरात ती जवळजवळ सहा तास सरकते. समजा तुम्ही पोचलात त्या दिवशी भरती सकाळी सहाला आहे. पहाटे रीफवर पुरेसं पाणी आहे, बोर्डाखालचे फिन खडकाला लागत नाहीत, मनसोक्त सर्फिंग करा. पण त्या दिवशी पूर्ण ओहोटी सव्वाबाराच्या सुमाराला असेल, म्हणजे उथळ पठारांवर (समुद्रातल्या सपाट, उथळ भागांवर) पाणी चढायला दुपारी एक वाजेल. बोनफिशसारखे मासे चढत्या पाण्याबरोबर पठारावर चरायला येतात, तेव्हा तुमची मासेमारी एक ते तीन या वेळेत होईल. मधल्या तीन-चार तासांत सावलीत जेवा, झोपा, गाठी बांधा.

एका आठवड्याने चित्र उलटं होईल. ओहोटी सकाळी सहाला आणि भरती सव्वाबाराला. पहाटे रीफ उघडा पडलेला, त्यावर सर्फिंग म्हणजे कातडी सोलून घेणं. पण आठ-नऊनंतर चढतं पाणी आणि वर आलेला सूर्य दोन्ही एकदम मिळतात, आणि खऱ्या अर्थाने बघून मासेमारी करायचे दिवस हेच. त्या आठवड्यात मी रॉडला पहिला मान देते आणि वाळूचा तळ असलेली एखादी लाट मिळाली तरच पहाटे बोर्ड काढते. त्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती यांचा हिशेब चढवा. उधाणाला पाणी खूप आत चढतं, मासेही लांबवर पांगतात, आणि रीफमधल्या खाड्यांना ओढ जबरदस्त असते. भांगाला सगळं संथ असतं. नवख्याने चालत फिरायला भांगाचे दिवस सुरक्षित.

जाता जाता, हे गणित सगळीकडे चालत नाही. ताहितीत चंद्रापेक्षा सूर्याचा प्रभाव वरचढ आहे, तिथे भरती रोज दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते आणि फारशी सरकत नाही. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती येते. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या जागेचं भरतीचं कोष्टक उघडून तुमच्या तारखांसमोर ठेवा.

तिसरी गोष्ट स्वेल, म्हणजे दूरच्या वादळाने उठवलेल्या आणि इतका प्रवास करून आलेल्या लाटा. अंदाजात उंचीइतकंच लाटांमधल्या सेकंदांकडे बघा. १५ सेकंदांचा स्वेल खोल समुद्रातून ताशी सुमारे ४२ किलोमीटरने पुढे सरकतो, दिवसाला हजार किलोमीटर. तीन हजार किलोमीटरवर वादळ झालं तर तुमच्या हातात तीन दिवस असतात. हे तीन दिवस मी मुद्दाम मासेमारीला देते, कारण स्वेल पोचला की उघड्या किनाऱ्यावर पाणी गढूळ होतं, वाळू ढवळून निघते आणि लाटांत उभं राहणं धोक्याचं होतं. रीफच्या आत मात्र फरक पडतो. कडेवर डोक्यापेक्षा उंच लाटा कोसळत असताना आतल्या सरोवरात पाणी गुडघाभर आणि शांत असू शकतं, कारण लाटेची बहुतेक ताकद कडेवरच संपलेली असते. म्हणूनच अटोल, म्हणजे प्रवाळाची कंकणद्वीपं, या जोडखेळाला सगळ्यात सोयीची. मालदीवमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर दक्षिणेकडचा स्वेल येतो आणि त्याच अटोलांच्या कडांवर ट्रेव्हली आहेत. पॅसिफिकमधलं किरिटिमाटी, ज्याला ख्रिसमस बेट म्हणतात, बोनफिशसाठी जगभर ओळखलं जातं आणि उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यात तिथे उत्तरेकडचा स्वेल पोचतो. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाजवळ उन्हाळ्यात दक्षिणेचा स्वेल असतो आणि वाळूवरून धावत जाऊन फ्लाय टाकावी लागते तो रूस्टरफिशही तेव्हाच किनाऱ्याशी येतो.

उष्ण पाण्याचाच हट्ट नसेल तर न्यूयॉर्कजवळचं माँटॉक बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अटलांटिकमधल्या हरिकेनचा स्वेल येतो आणि त्याच सुमाराला स्ट्राइप्ड बास लहान मासोळ्यांच्या थव्यांमागून किनाऱ्याच्या कडेकडेने दक्षिणेकडे सरकत असतात. वेटसूट न काढता बोर्ड ठेवून रॉड उचलणारी माणसं तिथे नवी नाहीत. पण तुमच्यासारख्याने पहिली सहल उथळ आणि स्वच्छ पाण्यातच करावी असं माझं मत आहे, कारण मासा डोळ्यांनी दिसला की शिकणं कितीतरी पटीने वेगाने होतं.

हे सगळं जमवल्यावरही तुम्हाला सगळ्यात जड जाईल ते कास्टिंग, म्हणजे फेक. गोड्या पाण्यात वारा पडलेल्या संध्याकाळी जी फेक सुंदर दिसते ती समुद्रावर टिकत नाही. जाण्याआधी दोन महिने मोकळ्या मैदानावर, मुद्दाम वारा असताना सराव करा. डबल हॉल, म्हणजे मागच्या आणि पुढच्या दोन्ही फेकींत डाव्या हाताने लाईनला दिलेला झटका, हा यायलाच हवा. पंचवीस मीटरचा ध्यास नको. पंधरा मीटरवर ठेवलेल्या ताटाएवढ्या जागेत, हातात फ्लाय धरून उभं असताना, दोन-तीन खोट्या फेकींत (लाईन पाण्यावर न टाकता हवेतच पुढे-मागे झुलवून) पोचता आलं तर पुरे. उजव्या हाताने टाकत असाल आणि वारा उजवीकडून असेल तर गळ अंगावर येतो. अशा वेळी पाठमोरं उभं राहून मागच्या फेकीवरच लाईन सोडायची सवय करा. किनाऱ्यावर उभे असताना वारा जमिनीकडून असेल तर पुढची फेक सोपी वाटते, पण मागची फेक वाऱ्यात घुसवावी लागते. ती ढिली पडली की सगळंच ढासळतं.

दुसरी सवय मोडायची आहे ती रॉड वर उचलण्याची. नदीत ट्राउटने फ्लाय घेतली की आपण रॉड उंचावतो. समुद्रात तसं केलं की फ्लाय तोंडातून निघून येते. प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगते. पांढुरक्या वाळूवर तुम्हाला आधी मासा दिसत नाही, त्याची सावली दिसते. मासा आरशासारखा आहे, वाळूचाच रंग घेतो. सावली दर काही क्षणांनी थांबते, डोकं खाली जातं आणि शेपटीचं टोक पाण्याबाहेर येऊन चमकतं. सोबत वाटाड्या असेल तर तो घड्याळाच्या भाषेत सांगतो, ‘अकरा वाजता, पंधरा मीटर’. तुम्ही माशाच्या डोक्यावर नव्हे, त्याच्या वाटेवर दोनेक मीटर पुढे फ्लाय ठेवता आणि तळाला जाऊ देता. तो जवळ आला की लाईन छोट्या छोट्या ओढींनी सरकवता. सावली अचानक वेग घेते, थांबते, खाली झुकते. या क्षणी रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवायचं आणि लाईन हाताने लांबलचक, सरळ ओढायची. गळ बसला की लगेच आनंद करू नका, पायांकडे बघा. तुम्ही ओढून घेतलेली सगळी लाईन वेटोळ्यांनी पायाशी पडलेली आहे आणि मासा आता सुटणार आहे. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून त्यातून लाईन सुरळीत जाऊ द्या. बुटाच्या नाडीत, रिळाच्या मुठीत, मनगटावरच्या घड्याळात, कुठेही एक वेटोळं अडकलं तर मासा गेला. सगळी लाईन उठून रिळावर आली की मग रॉड वर आणि माशाला धावू द्या. बोनफिशची पहिली धाव बघितल्यावर तुम्हाला जे वाटेल ते चांगली लाट पकडल्यावर वाटतं त्याच्या फार जवळचं असतं. म्हणूनच हे दोन्ही वेड एकाच माणसाला लागतं, असं मला वाटतं.

एक व्यवहाराची गोष्ट. पॅडलिंग आणि डबल हॉल दोन्ही खांद्यावरच येतात. पहाटे चार तास लाटांत काढलेत तर दुपारी तुमची फेक दहा मीटरवर कोसळेल. ज्या दिवशी दोन्ही करायचंय त्या दिवशी मी लाटांतून दीड-दोन तासांत बाहेर येते, लाटा कितीही चांगल्या असल्या तरी. आणि ज्या दिवशी खरोखर मोठा, स्वच्छ स्वेल आलाय त्या दिवशी रॉड खोलीवरच ठेवते.

आता सामान. ९ फुटांचा, चार तुकड्यांत सुटणारा ८ नंबरचा रॉड तुमच्या बहुतेक कामाला पुरेल (रॉड किती जड लाईनसाठी आहे ते नंबर सांगतो). जायंट ट्रेव्हलीच्या मागे लागायचं असेल तर १२ नंबरचा लागतो आणि त्याची फेक हा वेगळाच अभ्यास आहे. पहिल्या सहलीत मी ते ओझं घेणार नाही. रिळाचा ब्रेक खाऱ्या पाण्यापासून बंदिस्त असावा आणि लाईनच्या मागे निदान दीडशे-दोनशे मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव बारीक दोरा, असावं. लाईन उष्ण कटिबंधासाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्याची लाईन उन्हात शेवयांसारखी मऊ होते आणि फेकताच येत नाही. फ्लाय मोजक्या घ्या. बहामात जन्मलेली क्रेझी चार्ली बोनफिशसाठी, बॉब क्लाउझर यांची क्लाउझर मिनो आणि लेफ्टी क्रे यांची डिसीव्हर बाकी सगळ्यासाठी. शेवटच्या दोन गेली कित्येक दशकं जगभरच्या समुद्रांत चालत आल्या आहेत. गळांचे काटे पक्कडीने दाबून टाका. माशासाठी ते बरं, आणि गळ तुमच्याच कानात घुसला तर तुमच्यासाठीही.

रॉडची नळी बोर्डाच्या पिशवीत, बोर्डाच्या कडेला, टॉवेलात गुंडाळून ठेवा. विमानात ती याहून सुरक्षित कुठेच राहत नाही. वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावायचं मेण, मात्र स्वतंत्र डब्यात. बोर्डाचं वॅक्स हाताला लागतं, हाताचं लाईनला, मग लाईनला वाळू चिकटते आणि ती वाळू रॉडच्या कड्या घासत राहते. लाटांतून आलात की आधी हात वाळूने आणि साबणाने घासा, मगच लाईनला हात लावा. डास पळवणारं डीईईटी असलेलं मलम लाईनचं आवरण अक्षरशः विरघळवतं, तेव्हा ते बोटांना लागू देऊ नका. रोज संध्याकाळी रीळ ब्रेक घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, पुसा, आणि ब्रेक ढिला करून ठेवा. पायात घट्ट बसणारे जाड तळाचे बूट हवेत. सर्फिंगचे पातळ बूट प्रवाळावर चालायला पुरत नाहीत.

सुरक्षिततेचं मी सामानापेक्षा मोठं मानते. दोन्ही खेळ करणाऱ्याने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी: मासेमाराला जे हवंहवंसं वाटतं, ते सर्फरसाठी बाहेर निघायचं कारण असतं. लाइन-अपमध्ये, म्हणजे सर्फर लाटेची वाट बघत थांबतात तिथे, बसला आहात आणि जवळच पक्षी सूर मारायला लागले, लहान मासोळ्यांचा थवा उकळल्यासारखा पाण्याबाहेर उडायला लागला, तर खालून त्यांना कोणीतरी हाकतंय, आणि त्या कोणीतरीच्या मागे शार्क असू शकतो. पुढच्या लाटेवर किनाऱ्याला या. रॉड जोडून किनाऱ्यावरून टाका, पण सर्फर पाण्यातून निघालेले असतील तरच. लोक सर्फिंग करतात तिथे फ्लाय टाकायची नाही, मासा साफ करायचा नाही, त्याची आतडी टाकायची नाहीत. यात सवलत नाही.

वाळूच्या तळावर चालताना पाय उचलून टाकू नका, घासत पुढे सरकवा. वाळूत पाकट पुरून बसलेली असते, तिला चाहूल लागली की ती निघून जाते, पण अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तासभर बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. प्रवाळाचं खरचटणं साधं समजू नका. सकाळी रीफवर पाय सोलला असेल तर दुपारी तीच उघडी जखम घेऊन कोमट उथळ पाण्यात तासन्‌तास फिरणं हे संसर्गाला आमंत्रण आहे, त्या दिवशी बोटीवरून टाका किंवा सुट्टी घ्या. रीफच्या कडेवर उभे असताना समुद्राकडे पाठ करू नका, मासा लागलेला असला तरी. विजा दिसल्या की रॉड खाली ठेवून पाण्याबाहेर. रॉडमधलं ग्राफाइट वीज वाहून नेतं.

मासा सोडतानाही तीच काळजी. हात ओले करून, माशाला पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटोसाठी उचलायचाच असेल तर दहा सेकंदांच्या आत. दमलेला बोनफिश तोल जाऊन कलंडतो आणि जवळ फिरणारे छोटे शार्क किंवा बॅराकुडा त्याला लगेच हेरतात. शार्क दिसत असतील तर मी मासा लांबवर खेळवतच नाही, लाईन तोडून देते. बऱ्याच बेटांवर परवाना, वाटाड्या आणि काही माशांना सोडून देणं सक्तीचं असतं, त्याची चौकशी तिथल्या मत्स्य खात्याकडे करा.

या दोन जगांचा धागा किती जुना आहे ते सांगायचं तर २००२ साली सर्फर आणि गिर्यारोहक यव्हॉन शुनार्ड आणि मोंटानातले फ्लायचे दुकानदार क्रेग मॅथ्यूज यांनी मिळून ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ सुरू केलं. त्यात सामील होणारे उद्योग विक्रीचा एक टक्का पर्यावरणाच्या कामाला देतात. एक लाटांवरून आलेला आणि एक नदीवरून, दोघांना काळजी पाण्याची. तुम्हीही पठारावर चालाल तेव्हा जिवंत प्रवाळावर पाय न देता वाळूच्या पट्ट्यांवरून चाला, आणि कापलेली लाईन खिशात घालून परत आणा.

मित्राबद्दल शेवटचं. त्याला मासेमारीत रस नसेल तर त्याला उन्हात तुमच्या मागे तीन तास फिरवू नका. रोज रात्री दोघांनी मिळून उद्याची भरती, वारा आणि स्वेल बघा आणि तिथेच ठरवा: पहाटे कुठली लाट, किती वाजेपर्यंत, मग कोण कुठे, आणि परत कुठे भेटायचं. एकटं रीफच्या कडेवर जायचं नाही, हे दोघांनाही लागू. आणि बोर्ड घरून न्यायचा की तिथे भाड्याने घ्यायचा, याचं उत्तर बोर्डावर अवलंबून आहे: तुमचा बोर्ड साध्या लांबीचा असेल आणि तिथे तसे मिळत असतील तर भाड्याने घ्या, रॉड आणि रीळ मात्र स्वतःचंच न्या, कारण ज्या रॉडवर सराव केलाय तोच वाऱ्यात साथ देतो. किनारा आणि तारखा ठरल्या की इथेच लिहा, त्या दिवसांचं भरतीचं कोष्टक बघून पहिला आठवडा लाटांना द्यायचा की माशांना ते सांगते.